पेशींची वाढ आणि गणित

हिरकणीवाडींतील गृहिणीस दहीं लावण्याचें शास्त्र कोणी शिकवावें लागत नाहीं. कोमट दुधांत थोडें विरजण पडलें कीं त्यांतील सूक्ष्म जंतु रात्रभर वाढतात. थंडींत भांडें चुलीजवळ ठेवावें लागतें. औषधांच्या कारखान्यांत ज्यास बायोरिॲक्टर म्हणतात, तें याच भांड्याचें प्रचंड व काटेकोर रूप होय. पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यांत अशा टाक्यांतून बुरशी वाढवून पेनिसिलिन काढण्यांत आलें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें लसींसाठीं पेशी व जंतु वाढविले जातात.

परंतु लहान चंबूंत उत्तम वाढणाऱ्या पेशी मोठ्या टाकींत कित्येकदां खुंटतात. आपल्या शरीराइतक्या उष्ण अशा एक लिटर पाण्यांत हवेंतील प्राणवायु अवघा सुमारें सात मिलिग्रॅम विरघळतो. तो पुरविण्यासाठीं जोरानें ढवळावें, तर प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींप्रमाणें कठीण भिंत नसल्यामुळें त्यांस इजा होते. साखर अधिक घालावी, तर आम्ल सांचतें. प्रयोग कित्येक दिवस चालतो. तो फसल्यास सर्व माल वायां जातो आणि त्याचा भार शेवटीं रोग्याच्या औषधावर पडतो.

येथें गणित साहाय्यास येतें. दर वीस मिनिटांनीं दुप्पट होणारा एक जंतु सात तासांत वीस लाखांवर जाईल. हें चक्रवाढ व्याजाचेंच उदाहरण. मात्र अन्न संपतें, आणि वाढ थांबते. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनीं १९४२ सालच्या आपल्या प्रबंधांत हा संबंध समीकरणांत मांडला: अन्न थोडें असतां वाढीचा वेग अन्नाच्या प्रमाणांत असतो, अन्न विपुल झालें म्हणजे तो एका मर्यादेपलीकडे जात नाहीं.

संगणक अशीं अनेक समीकरणें एकत्र सोडवितो. या घटकेस पेशी, साखर व प्राणवायु किती, हें सांगितलें म्हणजे तो पुढील मिनिटाचा जमाखर्च मांडतो. त्यावरून त्यापुढील मिनिटाचा. साखर केव्हां घालावी, किती ढवळावें, याचे शेंकडों पर्याय असे आधीं पारखतां येतात, आणि निवडक दोनचारच प्रत्यक्ष टाकींत करून पाहावे लागतात.

तथापि अंतिम निवाडा टाकीचाच. मोजलेले आकडे हिशेबाशीं जुळले नाहींत, तर हिशेब सुधारावा लागतो. गडाची वाट कितीहि ऐकली, तरी ती पायांनींच चढावी लागते.

विद्यार्थिमित्रांनो, दहीं लागावयास किती तास लागले व त्या दिवशीं हवा कशी होती, हें महिनाभर वहींत टिपा. त्यावरून उद्यांचा अदमास बांधा. चुकल्यास तो सुधारा. मोठमोठ्या प्रयोगशाळांत चालणारें काम याच जातीचें आहे.