चमचाभर विरजणाची करामत

रात्रीची जेवणं आटोपतात, ओटा पुसून होतो आणि झोपण्याआधीचं शेवटचं काम म्हणून कोणीतरी कोमट दुधात चमचाभर दही घालून ढवळतं, वर झाकण ठेवतं. सकाळी झाकण काढावं तर पातेलं तिरकं केलं तरी जागचं हलणार नाही असं कवडी दही! आपण ते वाटीत काढून कामाला लागतो. पण जरा थांबा. काल रात्री याच पातेल्यात वाहतं दूध होतं. आपण ते आटवलं नाही, गोठवलं नाही, त्यात कसलं पीठही मिसळलं नाही. गाईच्या दुधात शेकडा 87 भाग पाणीच असतं, आणि ते सगळं पाणी अजून तिथेच आहे. मग हे पाणी उभं कशाच्या आधारावर राहिलं?

उत्तर दुधातच दडलेलं आहे. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे हजारो रेणू एकत्र येऊन गोळे बनलेले असतात आणि त्यांना आतून कॅल्शियम फॉस्फेटने सांधलेलं असतं. गोळे इतके बारीक की आपल्या एका केसाच्या जाडीत असे चारेकशे गोळे ओळीने मावतील. दूध पांढरं दिसतं ते याच गोळ्यांमुळे आणि स्निग्धांशाच्या थेंबांमुळे, कारण त्यांच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. प्रत्येक गोळ्याच्या अंगावर बारीक तंतूंची लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखाच, म्हणून दोन गोळे जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात. पेलाभर दुधात असे अब्जावधी गोळे रात्रंदिवस एकमेकांना चुकवत फिरत असतात, म्हणून दूध वाहतं.

आता या गर्दीत थोडं आम्ल येऊ द्या. जसजसा आंबटपणा वाढतो तसतसा तो भार नाहीसा होतो, अंगावरची लव आडवी पडते, आतलं कॅल्शियम विरघळू लागतं. ताज्या दुधाचा पीएच असतो 6.6च्या आसपास. तो 4.6कडे सरकू लागला की कालपर्यंत एकमेकांना टाळणारे गोळे चिकटू लागतात. गोळ्याला गोळा लागून साखळी, साखळ्यांची जाळी, आणि त्या जाळीच्या घरांत सगळं पाणी अडकून बसतं. विरजण लावलेलं भांडं हलवू नये असं घरोघरी सांगतात त्याचं कारण हेच. ही जाळी विणली जात असताना धक्का लागला तर ती तुटते, पाणी सुटतं आणि दह्याचं चोथापाणी होतं.

दूध आधी उकळून घेण्यातही केवढं शहाणपण आहे! उकळल्याने नको असलेले जिवाणू मरतात हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच उष्णतेने दुधातली दुसरी प्रथिनंही उलगडतात आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतात. त्यामुळे पुढे विणली जाणारी जाळी दाट होते, पाणी जास्त घट्ट धरते. म्हशीच्या दुधात केसीन आणि स्निग्धांश दोन्ही अधिक, म्हणून त्याचं दही सुरीने कापावं असं लागतं.

हे आम्ल आणतं कोण? कार्ल विल्हेल्म शील या रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून ते वेगळं काढलं, तेच लॅक्टिक आम्ल. पण दह्यात ते तयार करणारा सापडायला पुढे सव्वाशे वर्षं लागली. 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह हा बल्गेरियन तरुण जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत आपल्या देशातलं दही सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता, तेव्हा त्याला काडीसारखा एक जिवाणू दिसला. आज त्याच्या नावात बल्गेरिया आहे: लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. त्याच्या जोडीला दह्यात आणखी एक असतो, मण्यांच्या माळेसारखा दिसणारा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. जगभरातल्या योगर्टचा संसार या दोघांवर चालतो.

आणि संसार खरोखरच! दोघांना वेगवेगळ्या दुधात सोडलं तर दोघंही रेंगाळतात. एकत्र सोडा, दूध किती लवकर लागतं बघा. आधी मणी कामाला लागतो. तो दुधातला प्राणवायू संपवतो, थोडं आम्ल करतो आणि काडीला वाढायला लागणारं फॉर्मिक आम्ल बाहेर सोडतो. काडी त्या बदल्यात केसीनचे लचके तोडून त्याचे बारीक तुकडे करते, जे मण्याला एकट्याने नीट मिळवता येत नाहीत. आंबटपणा वाढला की मणी मागे पडतो आणि काडी उरलेलं काम पुरं करते. इतक्या दीर्घ सहवासात या दोघांनी आपापसांत काही जनुकंही वाटून घेतली आहेत.

दूध कोमट असावं, किती कोमट? करंगळी बुडवून बघतात. आपलं शरीर 37 अंशांचं, तेव्हा बोटाला जे जेमतेम गरम लागतं पण चटका देत नाही ते चाळिशीच्या थोडं पुढचं असतं. या जोडीला सगळ्यात मानवणारं तापमान नेमकं तेच! दूध कढत असेल तर विरजण मरतं. थंड असेल तर ते आळसावतं, म्हणून थंडीच्या दिवसांत आपण पातेलं शालीत गुंडाळतो, नाहीतर पिठाच्या डब्यात ठेवतो.

आता एक छोटा हिशेब करू या. लिटरभर दुधात आपण चमचाभर दही घालतो, म्हणजे साधारण दोनशेवा भाग. सकाळपर्यंत सगळं पातेलं त्या चमच्याइतकंच जिवाणूंनी भरायचं तर त्यांना किती वेळा दुप्पट व्हावं लागेल? दोन, चार, आठ, सोळा करत गेलं की आठव्या वेळी 256 होतात. म्हणजे आपण झोपलेलो असताना पातेल्यात जवळजवळ आठ पिढ्या होऊन जातात. माणसाच्या आठ पिढ्या म्हणजे दोनशे वर्षं, पेशवाई नुकतीच बुडाली होती तो काळ! बरं, हे सगळं थांबतं कसं? त्यांनीच केलेल्या आम्लात त्यांचीच वाढ खुंटते. ते सुस्तावतात, पण मरत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाची वाट बघत राहतात. जिवाणू दुभंगून वाढतो, त्यामुळे एखाद्या घरात वर्षानुवर्षं विरजण मोडलं नसेल तर आजच्या दह्यातल्या पेशी त्या जुन्या पेशींच्याच थेट वंशज असतात. परदेशी निघालेल्या कित्येक जणींनी रुमाल दह्यात बुडवून वाळवला आणि तिकडे पोचल्यावर तो कोमट दुधात भिजवून घरचं दही लावलं. सगळा वंश रुमालाच्या घडीत!

अर्थात आपल्या घरचं दही दोघांवरच भागत नाही. त्यात आणखी कितीतरी जातींची सरमिसळ असते, म्हणून एका घरचं दही दुसऱ्या घरासारखं लागत नाही. काही जिवाणू डायअ‍ॅसिटिल नावाचं द्रव्य तयार करतात. ताज्या लोण्याचा, ताकाचा जो वास घरभर पसरतो तो त्याचाच. कधी दह्याला तार सुटते आणि आपण नाक मुरडतो. ती तार म्हणजे जिवाणूंनी शर्करेच्या रेणूंची विणलेली लांबलचक साखळी असते. डेअरी उद्योगात अशी साखळी बेताने विणणारे वाण मुद्दाम निवडतात, कारण त्यामुळे दही दाट, मऊ होतं. आणि विरजण संपलंच तर मिरचीचे देठ दुधात टाकून दही लावणाऱ्या आज्या तुम्हाला माहीत असतील. तेही खोटं नाही. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वनस्पतींच्या अंगावरही राहतात. फक्त ते दही लागायला वेळ जास्त लागतो आणि चवीची खात्री देता येत नाही.

पाहुणे यायचे म्हणून श्रीखंडाचा घाट घातला की या जाळीची परीक्षाच असते. आधी दह्यात डाव घालून एक काप काढा आणि त्या खळग्याकडे बघत राहा. दोन-चार मिनिटांत त्यात पाणी झिरपू लागतं. ते पांढरं नसतं, फिकट हिरवट-पिवळं असतं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा. (चक्का टांगल्यावर खाली जमणारं हे पाणी ओतून देऊ नका, कणीक त्यात भिजवा.) रात्रभर पंचात टांगलेल्या दह्यातलं पाणी निथळतं, जाळी आकसते, चक्का घट्ट होतो. मग त्यात साखर मिसळली की एवढा घट्ट चक्का पुन्हा सैल कसा पडतो? साखर जाळीत उरलेलं पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. म्हणून जाणत्या सुगरणी चक्का हवा त्याहून घट्टच ठेवतात, साखर घालून तो मुरू देतात आणि मगच पुरणयंत्रातून काढतात. केशर, वेलची, चारोळी, किंचित जायफळ, आणि सोबत गरम पुऱ्या. दुसरा आग्रह करावाच लागत नाही. ज्यांना दूध पचत नाही अशा पाहुण्यांनाही दही-ताक सोसतं, कारण दह्यातले जिवाणू पोटात गेल्यावरही दुधातली साखर तोडायला मदत करतात.

या पंगतीत आपण माणशी कोट्यवधी जिवंत जिवाणू वाढतो, आणि ते कोणाला बाधत नाहीत. हे किती नवलाचं आहे ते त्या मण्याचं कूळ पाहिलं की कळतं. स्ट्रेप्टोकॉकसच्या भाऊबंदांत एक न्यूमोनिया करणारा आहे, एक घसा सुजवणारा. आपला थर्मोफिलस त्याच घराण्यातला! 2004 मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा दिसलं की जवळजवळ दहावा भाग जनुकं मोडकळीला आली आहेत. निरनिराळ्या शर्करा पचवायची जनुकं निकामी, कारण दुधात लॅक्टोज आयतं मिळतं. रोग करायला लागणारी हत्यारं गळून गेलेली, कारण दुधात कोणावर हल्ला करायचा? माणसाने जनावरं पाळली, दूध काढलं, ते साठवलं आणि त्या भांड्यात राहता राहता एक वंश निरुपद्रवी झाला. गाय आपण माणसाळवली हे सगळ्यांना ठाऊक आहे. दह्याच्या पातेल्यात आपण आणखी एक जीव माणसाळवला, तोही न बघता!

पण त्यालाही शत्रू आहेत. जिवाणूंना गाठून फोडणारे विषाणू असतात आणि मोठ्या डेअरीत ते शिरले तर टाक्याच्या टाक्या दूध लागतच नाही. डॅनिस्को या कंपनीतले फिलिप होर्वाथ आणि रोडॉल्फ बॅरांगू याच काळजीने थर्मोफिलसच्या मागे लागले. जिवाणूंच्या जनुकसंचात एक चमत्कारिक पट्टा असतो, हे 1987 मध्ये जपानमध्ये योशिझुमी इशिनो यांच्या लक्षात आलं होतं. तोच मजकूर पुन्हा पुन्हा, आणि मध्ये मध्ये वेगवेगळे तुकडे. हे कशासाठी असावं? होर्वाथ आणि बॅरांगू यांनी थर्मोफिलसवर विषाणू सोडले. बहुतेक जिवाणू मेले, थोडे तगले. तगलेल्यांचा पट्टा वाचला तर त्यात नवे तुकडे आले होते, हुबेहूब त्या विषाणूच्या जनुकांतले! तो तुकडा काढून टाकला की जिवाणू पुन्हा बळी पडे, घातला की वाचे. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. दह्यातला साधा जिवाणू हल्ला लक्षात ठेवतो! दुकानदाराच्या खतावणीसारखी नवी नोंद ओळीने एका टोकाला चढते आणि ती पुढच्या पिढ्यांना वारशात मिळते. तोच विषाणू पुन्हा आला की त्या नोंदीबरहुकूम त्याचं डीएनए कापून टाकलं जातं.

या व्यवस्थेचं नाव क्रिस्पर. 2012 मध्ये तिची कात्री परीक्षानळीत चालवून दाखवण्यात आली. लिथुआनियात व्हर्जिनियस शिक्शनिस यांनी दह्यातल्या थर्मोफिलसची कात्री वापरली. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी वापरली त्याच्या घसा सुजवणाऱ्या भावाची. हवी ती नोंद आपण हाताने लिहून दिली तर ही कात्री कुठल्याही जनुकावर नेमकी पोचते, हे त्या दोघींनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 2020 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने या कात्रीवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली, आणि तो उपचार सिकलसेलवरचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या वाचकांना या रोगाची ओळख करून द्यायला नको. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर चुकतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अडकतात, हातपाय असह्य दुखतात. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्यांपेक्षा वेगळं असतं आणि जन्मानंतर ते बनवणं बंद पडतं. या उपचारात रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात, ते काम बंद ठेवणारी कळ कात्रीने तोडतात आणि पेशी परत अंगात सोडतात. शरीर पुन्हा ते बाळपणीचं हिमोग्लोबिन बनवू लागतं. अमेरिकेत याची किंमत 22 लाख डॉलर आहे. दिल्लीतल्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेत याच रोगासाठी क्रिस्परचा देशी, परवडणारा उपचार घडवण्याचं काम हाती घेतलेलं आहे.