कांद्यात हिरवं कुठंय?

सुट्टीतल्या वर्गात चौथीच्या नऊ-दहा मुलांना कांद्याच्या पेशी दाखवत होते. कांद्याच्या पाकळीची आतली पातळ साल चिमट्यानं अलगद ओढायची, सुरकुती न पाडता काचपट्टीवर पसरायची, वर आयोडीनचा एक थेंब. सूक्ष्मदर्शकातून विटांच्या ओळी दिसतात आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. मुलं बघून उठत होती. एक मुलगी मात्र डोळा लावून बसून राहिली. मग म्हणाली, "ताई, कांदा वनस्पतीच ना? मग यात हिरवं कुठंय?"

तक्ता तिला तोंडपाठ होता. वनस्पतिपेशीत पेशीभित्तिका, मोठी रिक्तिका, हरितलवके. प्राणिपेशीत यातलं काही नाही. समोरची पेशी त्या तक्त्यात बसेना, आणि ते तिला खुपलं. कांदा जमिनीत वाढतो, तिथं ऊन पोचत नाही, त्याच्या पाकळ्यांचं काम अन्न साठवण्याचं, हे मी लगेच सांगू शकले असते. "तूच सांग, कांद्याचा हा भाग कुठं वाढतो?" एवढंच विचारून थांबले.

हुशार मुलं भराभर पाठ करतात, म्हणून आपण त्यांच्या ताटात पुढच्या इयत्तांची नावं वाढत जातो: गॉल्जी पिंड, रायबोसोम, तंतुकणिका. थर्माकोलच्या मॉडेलवर टाचण्या टोचून होतात आणि पेशी 'झाली' असं आपण धरून चालतो. मला हे मनापासून खटकतं. त्यातून चुकीच्या समजुतीही पक्क्या होतात. हरितलवके वनस्पतींची आणि तंतुकणिका प्राण्यांच्या, अशी वाटणी कितीतरी मुलांच्या डोक्यात असते. पानानं तयार केलेल्या साखरेतून ऊर्जा काढायला वनस्पतीलाही तंतुकणिका लागतातच.

या मुलांना दोन्ही पेशींतला फरक कामातून दाखवावा. बागेच्या कडेला लावतात ती ऱ्हिओ, पानाची खालची बाजू जांभळी असलेली, तिची साल घ्यावी. प्रत्येक पेशीत जांभळं पाणी काठोकाठ भरलेलं दिसतं, ती रिक्तिका. आता मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि डोळा हलवायचा नाही. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटतो, आक्रसत मधे गोळा होतो, भिंत मात्र जागच्या जागी. पुन्हा साधं पाणी सोडलं की रंग हळूहळू पसरत भिंतीला टेकतो. हे बघताना एक मुलगा पुटपुटला, "कोशिंबिरीला पाणी सुटतं, ते हेच!" मान टाकलेली कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवली की ताठ का होते, ते मग कुणाला सांगावं लागलं नाही. झाडाला हाडं नाहीत. पाण्यानं तट्ट फुगलेल्या पेशी आणि त्यांना आवरून धरणाऱ्या भिंती यांच्या जोरावर कोवळी देठं उभी राहतात.

मग आपल्या गालाच्या आतल्या पेशी, निळ्या रंगात बुडवलेल्या. कडा वेड्यावाकड्या, कुठं दुमडलेल्या. भिंत नाही, नुसतं नाजूक पटल. आपल्या तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरतं आणि त्या फुगून फुटतात. दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के मीठ लिहिलेलं असतं ते यासाठी. भिंत नसलेल्या पेशींना भोवतालचं पाणी बेतानंच खारट लागतं. शरीरात तो तोल मूत्रपिंडं सांभाळतात.

इथं मुलांना रॉबर्ट हूकची गोष्ट जरूर सांगावी. १६६५मध्ये त्यानं बुचाच्या पातळ कापात खोल्या पाहिल्या आणि त्यांना 'सेल' म्हटलं. त्या खोल्या रिकाम्या होत्या. पेशी केव्हाच मेलेल्या, उरल्या होत्या फक्त भिंती. प्राण्याचा तुकडा त्याच्या भिंगाखाली असता तर खोलीची कल्पना त्याला सुचली असती का, यावर त्या दिवशी अर्धा तास वाद झाला. मी तो होऊ दिला.

सूक्ष्मदर्शक महाग, ही अडचण आता तितकी उरलेली नाही. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला कागदी फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांद्याच्या पेशींना तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पिशवीतून पातीचा कांदा घेऊन आली. पांढरं संपून हिरवं सुरू होतं, तिथं तिनं पेनानं खूण केली होती. "ताई, बरोबर इथलं बघायचंय."