एका देहातील दोन औषधे

एचआयव्हीबाधित स्त्रीला औषध वेळेवर मिळते की नाही, तिच्या रक्तातील विषाणूंची संख्या कितपत आटोक्यात आहे, याची चौकशी आता शिरस्त्याने होते. परंतु तिला मूल हवे आहे की नको, हवे असल्यास केव्हा, आणि नको असल्यास कोणते साधन तिच्या औषधांशी जुळेल, हा प्रश्न अजूनही मागेच राहतो. वस्तुतः मातेकडून बालकाकडे जाणारा संसर्ग रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी चतुःसूत्री मुकर्रर केली, तिच्यातील दुसरे सूत्र नकोशी गर्भधारणा टाळण्याचेच आहे.

या प्रश्नाचे शास्त्रीय महत्त्व पूर्व आफ्रिकेत ठळकपणे प्रत्ययास आले. तेथे लेव्होनॉर्जेस्ट्रेल या संप्रेरकाच्या, सुमारे चार सेंटिमीटर लांबीच्या दोन लवचिक कांड्या दंडाच्या त्वचेखाली बसविण्याची पद्धत स्त्रियांना पसंत पडली होती. कारण एकदा त्या बसविल्या की पाच वर्षे रोज गोळी आठवावी लागत नाही आणि साधन कोणाच्या नजरेसही पडत नाही. परंतु युगांडातील ज्या 20 स्त्रिया एफाव्हिरेन्झ हे विषाणुरोधक औषध घेत होत्या, त्यांच्या रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच त्यांपैकी 3 स्त्रियांना दिवस गेले. विषाणुरोधक औषधे न घेणाऱ्या तुलनेच्या गटात मात्र एकीलाही दिवस गेले नाहीत.

याचे कारण यकृतात आहे. कचेरीत कामाचा बोजा वाढला की जशी कारकुनांची जादा भरती होते, तसे एफाव्हिरेन्झच्या सान्निध्याने यकृत सीवायपी 3ए4 नावाचे विकर अधिक प्रमाणात निर्माण करू लागते; आणि हेच विकर लेव्होनॉर्जेस्ट्रेलचेही विघटन करीत असल्यामुळे, कांडीतून थेंबाथेंबाने पाझरणारे संप्रेरक आपले कार्य पुरते साधण्याआधीच निकालात निघते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषधही असाच परिणाम घडविते, आणि एचआयव्हीबाधितांना क्षयाची लागण वारंवार होत असल्याने ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

म्हणून कांड्या निरुपयोगी ठरल्या असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. पश्चिम केनियातील हजारो स्त्रियांच्या दप्तरी नोंदी तपासल्या असता असे आढळले, की नेव्हिरापीन हे दुसरे विषाणुरोधक औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत एफाव्हिरेन्झ घेणाऱ्या कांडीधारक स्त्रियांत गर्भधारणेचे प्रमाण सुमारे तिप्पट होते खरे. पण इतके होऊनही कांडी गर्भनिरोधक गोळ्यांपेक्षा सरसच ठरली. तांबीचे कार्य गर्भाशयातच चालत असल्याने तिला यकृताचा अडसर नाही. आपल्या सरकारी दवाखान्यांत 2017 पासून ‘अंतरा’ या नावाने मिळणाऱ्या तिमाही इंजेक्शनातील संप्रेरकाची मात्रा मोठी असल्यामुळे एफाव्हिरेन्झने त्याचा प्रभाव लक्षणीय उणावत नाही. निरोध तर संसर्ग आणि गर्भधारणा या दोहोंपासून रक्षण करणारा. तो दुसऱ्या साधनाच्या जोडीने वापरणेच इष्ट.

पुढे डोल्युटेग्रॅव्हिर हे नवे औषध आले. ते या विकराला चेतवीत नाही. परंतु 2018 साली बोट्स्वानातील प्राथमिक आकडेवारीत, गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेत असलेल्या 426 स्त्रियांच्या बालकांपैकी 4 बालकांत मेंदू व मज्जारज्जूशी संबंधित जन्मजात दोष आढळल्याने सावधगिरीचा इशारा निघाला, आणि अनेक ठिकाणी जननक्षम वयाच्या स्त्रियांना ते देण्यास हात आखडता घेण्यात आला. त्या वर्षी रवांडाची राजधानी किगाली येथे जमलेल्या आफ्रिकी एचआयव्हीबाधित स्त्रियांनी निक्षून सांगितले, की धोक्याची माहिती आम्हांस द्या, साधने उपलब्ध करा, परंतु निर्णय आमच्यावतीने घेऊ नका. पुढील नोंदींत ती भीती ओसरत गेली आणि 2019 मध्ये या औषधाची शिफारस सर्वांसाठी झाली. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आज तेच प्रमुख औषध आहे. त्यामुळे एफाव्हिरेन्झची अडचण पुष्कळ अंशी दूर झाली असली, तरी क्षयाचे उपचार सुरू होताच तिच्यासारखीच अडचण पुन्हा उभी राहते.

आपल्याकडेही स्त्रीच्या निवडीचा मार्ग सोपा नव्हता. 1921 साली मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा या विषयाचा उच्चारही समाजास असह्य होता. आज कायदा स्त्रीच्या बाजूने उभा आहे: 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यान्वये बाधित गर्भवतीवर तिच्या माहितीपूर्ण संमतीवाचून गर्भपाताची वा नसबंदीची सक्ती करता येत नाही. परंतु सक्तीचा अभाव म्हणजे निवड नव्हे. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रातील डॉक्टरला तिचे गर्भनिरोधक ठाऊक नसेल आणि कुटुंबनियोजनाच्या खोलीतील परिचारिकेला तिच्या गोळ्यांची नावे ठाऊक नसतील, तर दोन्ही इलाज आपापल्या जागी निर्दोष असूनही तिच्या देहात एकमेकांना छेद देतील. तेव्हा दोहोंची नोंद तिच्या एकाच उपचारपत्रिकेवर व्हावी, औषध बदलताच साधनाचा फेरविचार व्हावा, आणि ‘बाई, तुम्हांला मूल हवे आहे का?’ हा प्रश्न तिला प्रत्येक भेटीत, खाजगीत आणि आदराने विचारला जावा. तिचे उत्तर ‘होय’ असले, तर योग्य उपचारांनी बालकास संसर्ग होण्याचा संभव अत्यल्प राहतो, हेही तिला त्याच बैठकीत सांगितले पाहिजे.