कासवाकडून कोडिंग

गोदाकाठचं बासर मराठवाड्याला परकं नाही. मुलांची पहिली अक्षरं सरस्वतीपुढे गिरवून घ्यायला नांदेडकडची कितीतरी घरं तिथे जातात. तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यातल्या याच गावात २००८पासून राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. दहावीनंतर थेट सहा वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम, तोही प्रामुख्याने ग्रामीण मुलांसाठी. तिथे जायचं, तर कोडिंगची तोंडओळख शाळेतच व्हायला हवी.

त्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मला फार उपयोगी वाटतो. छोटे, मोफत व्हिडिओ. मराठीत आणि तेलुगूतही. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. पाहायचं, थांबवायचं, लगेच करून बघायचं.

लहानांनी त्यातल्या ‘केटर्टल’पासून सुरुवात करावी. १९६७च्या ‘लोगो’ भाषेच्या धर्तीवरच्या या सॉफ्टवेअरमध्ये कासव आपल्या आज्ञेने रेघ ओढतं. शंभर एकक पुढे जा, ९० अंश उजवीकडे वळ, असं चार वेळा कर: चौरस तयार. समभुज त्रिकोणासाठी ६० अंश द्यावेसे वाटतात, कारण त्याचा कोन ६०चा. पण तशी आज्ञा देत राहिलं तर षटकोन उमटतो! कासव बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंशांतून वळतं. इथे शिक्षकांनी उत्तर सांगायची घाई करू नये. जमिनीवर खडूने त्रिकोण आखून त्यावरून मुलांना चालायला लावावं. कोपऱ्यावर आपण किती वळलो, ते त्यांचं त्यांना कळतं.

व्हिडिओ आधीच उतरवून ठेवले, तर वर्गात इंटरनेटही लागत नाही. एका संगणकावर दोघं बसले तरी चालेल, फक्त कीबोर्ड आळीपाळीने दोघांच्या हाती जायला हवा.