शुद्धी आणि तिची नोंद

आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्याने संगणकाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु पाठशुद्धी हा माझा जुना विषय, आणि संगणकाच्या आज्ञावली याही माणसानेच लिहिलेल्या संहिता होत.

'सी' भाषेतील 'जीलिबसी' हा नित्य लागणाऱ्या आज्ञांचा संच. लिनक्सवरील असंख्य प्रोग्राम त्यावर विसंबतात. संगणकाच्या नावावरून त्याचा जाळ्यावरील पत्ता शोधणे, हे त्याचे एक काम. २००० साली आलेल्या २.२ या आवृत्तीत तेथे एक चूक शिरली. चार गोष्टींसाठी स्मृतीत जागा हवी असता हिशेबात तीनच धरल्या गेल्या. त्यामुळे मजकूर चार किंवा आठ बाइट पलीकडे सांडू शके. 'सी' भाषा अशा वेळी हटकत नाही. सारी जबाबदारी लिहिणाऱ्याची.

मे २०१३ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. परंतु तिच्या वाटेने परक्याला आत शिरता येईल, हे ध्यानात न आल्याने ती किरकोळ दुरुस्ती ठरली, आणि जुन्या आवृत्तीवरील अनेक प्रणालींपर्यंत पोहोचलीच नाही. जानेवारी २०१५ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी 'घोस्ट' या नावाने तो धोका जाहीर केला, तेव्हा धावपळ उडाली.

मीही एकदा माझ्या संपादनातील अशुद्ध पाठ दुसऱ्या आवृत्तीत मुकाट्याने बदलला होता. जुनी प्रत हाती असलेले विद्यार्थी पुढे कित्येक वर्षे तोच पाठ शिकत राहिले. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते आमचे गुरुजी वहीतील चूक सुधारून समासात तिचे कारणही लिहीत. त्या समासाचे मोल मला फार उशिरा कळले.