जुनी जीप खडतर वाटेस लावण्यापूर्वीं

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या वाड्यांत अगर गोठ्याच्या पडवींत एखादी जुनी जीप उभी आहे. वडिलांच्या वेळीं ती आली, खतें, बियाणें व माणसें तिनें वर्षानुवर्षें वाहिलीं, आणि पुढें नवीं वाहनें आल्यावर तिच्यावर ताडपत्री पडली. हल्लीं ती ताडपत्री कांहीं ठिकाणीं पुन्हां निघूं लागली आहे. घरांतील तरुण मंडळींस डोंगरवाटांवर गाड्या नेण्याचा छंद लागला आहे, आणि ज्यांचें शिवार घाटमाथ्याच्या अंगास आहे त्यांना छंद नसला तरी पावसाळ्याचे चार महिने अशी गाडी गरजेची आहे. 'जीपला काय काय बसवावें म्हणजे ती कोठेंही जाईल?' असें ही मंडळी विचारतात. आमच्या मतें काय बसवावें हा प्रश्न दुय्यम असून कोणत्या क्रमानें बसवावें हा खरा प्रश्न आहे. हा क्रम आम्हीं एकदां उलटा धरिला होता व त्याचें मोल दुसऱ्यास द्यावें लागलें. म्हणून हा लेख.

प्रथम ह्या गाडीस मुळांत काय मिळालें आहे तें पाहूं. १९४१ ते १९४५ ह्या युद्धकाळांत अमेरिकेंत विलीस व फोर्ड ह्या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. १९४५ मध्येंच विलीसनें तीच गाडी थोड्या फेरफारानें नागरिकांसाठीं काढली, आणि तिचें मुख्य गिऱ्हाईक म्हणून शेतकरी डोळ्यांसमोर ठेविला. तिनें नांगर ओढावा, पट्ट्यानें यंत्र फिरवावें आणि बाजारासही जावें, अशी ती योजना. आपल्याकडे महिंद्रा कंपनीनें १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत विलीस जीपची जुळणी सुरू केली, व पुढें सी. जे. थ्री-बी ह्या नमुन्याच्या गाड्या येथेंच तयार होऊं लागल्या. उंच बॉनेटची ती जीप म्हणजेच आपल्या पडवींतील जीप, अगर तिचीं धाकटीं डिझेल भावंडें.

ह्या थ्री-बीच्या पहिल्या गिअरचें प्रमाण सुमारे २.८, 'लो' दांडीचें २.४६ व आंसांतील दात्यांचें ५.३८ आहे. तिहींचा गुणाकार सुमारे ३७ होतो; म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले कीं चाकाचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांच्या मंद गतीनें चालत असतां मूळच्या ६.००-१६ मापाच्या टायरांवर ही गाडी तासाला जेमतेम ३ किलोमीटर चालते. ही नांगराच्या बैलाची चाल झाली. खडकाळ चढ ही गाडी चढते ती ह्या चालीमुळें. कित्येक हौशी लोक पहिल्यानेंच मोठें इंजिन बसविण्याच्या नादीं लागतात. त्यांनीं वरील गुणाकार एकदां करून पाहावा, म्हणजे बराच खर्च वांचेल.

आतां आमची हकीकत. ओढ्यापलीकडच्या वाडीवर आमची थोडी वरकस जमीन आहे. तेथें जाण्याच्या वाटेवर पावसाळ्यांत जीपचीं चाकें जागच्या जागीं फिरत, म्हणून आम्हीं सर्वांत आधीं मोठे टायर घेतले. मूळ टायरांहून दोन इंच उंच आणि रुंदीलाही अधिक. पहिल्या आठवड्यांत गाडी अशी चढली कीं आम्हांस आमच्या शहाणपणाचें कौतुक वाटलें. पुढें आषाढांत एके संध्याकाळीं वाडीवरून उतरतांना ब्रेकचें पेडल एकाएकीं तळाशीं गेलें. हातब्रेक ओढला, तोही धरीना. खालच्या वळणावर लावणीहून परतणाऱ्या बाया चालल्या होत्या. आम्हीं गाडी डोंगराच्या अंगच्या दरडीवर घातली. बाया वांचल्या, परंतु शेजारीं बसलेल्या आमच्या गड्याचें उजवें मनगट मोडलें. सहा आठवडे त्याचा हात गळ्यांत होता. त्याची मजुरी आम्हीं दिली. पण त्याच्या स्वतःच्या दोन खाचरांची लावणी त्या वर्षीं इतरांनीं सवडीनें केली, ती उशिरां झाली, आणि पीक उतरलें नाहीं, त्याची भरपाई पैशांनीं होण्याजोगी नव्हती.

कारण शोधण्यास वेळ लागला नाहीं. नवा रुंद टायर स्टिअरिंग पुरतें वळविलें कीं पुढच्या ब्रेकच्या रबरी नळीस घासत होता. नळी आधींच जुनी. ती झिजून फुटली. ह्या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचें तेल एकाच मार्गानें जातें, त्यामुळें एक नळी फुटली कीं चारही ब्रेक गेले. हातब्रेक चाकांवर नसून मधल्या दांड्यावर, गिअरपेटीच्या मागें असतो. तेथील तेलाची सील गळत असल्यानें त्याचें अस्तर तेलानें चिंब झालें होतें. म्हणजे नळी आणि सील ह्या दोन किरकोळ वस्तु आम्हीं बदलल्या नव्हत्या, आणि टायरांवर मात्र हजारों रुपये घातले होते.

तेव्हां पहिला पैसा ब्रेकवर घालावा. सर्व रबरी नळ्या नव्या घ्याव्या, लोखंडी नळ्यांवर गंज असेल तर त्याही बदलाव्या, आणि शक्य तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवून पुढच्या व मागच्या ब्रेकचे मार्ग वेगळे करून घ्यावे. म्हणजे एक मार्ग फुटला तरी दुसरा राहतो. ह्यापरतें मोलाचें सुधारणेचें काम जुन्या जीपवर दुसरें नाहीं. ब्रेक ड्रमचे असल्यानें ओढ्यांतून निघाल्यावर ते ओले होऊन धरीत नाहींत. पलीकडच्या काठावर चढतांच पेडल हलकें दाबून थोडें अंतर चालावें, म्हणजे घर्षणानें अस्तर सुकतें. ब्रेकनंतर स्टिअरिंगच्या जोडांतील झीज काढावी. सपाट रस्त्यावर चाकांची चाल चाळविणारी ढिलाई खडकावर चालकाच्या हातांतून स्टिअरिंग हिसकावून घेते. अशा वाटेवर अंगठे स्टिअरिंगच्या आंत घालूं नयेत; धोंड्यानें चाक फिरलें कीं आरा अंगठ्यावर बसतो.

ह्यानंतर टायर. येथें आपल्या जमिनीचा विचार आधीं करावा. मुरमाच्या अगर जांभ्याच्या वाटेवर चिखलाचा थर पातळ असून खालीं कठीण तळ असतो. तेथें अरुंद टायर थर कापून तळाला लागतो व चालतो, रुंद टायर मात्र वरच्या वर सरकतो. काळ्या जमिनींत तळच नसतो. तेथें रुंद टायर बरा, परंतु त्याच्या नक्षीचे ठोकळे दूर दूर हवेत. काळी माती चिकट; दाट नक्षींत ती भरून बसते आणि चाक लोण्याच्या गोळ्यासारखें गुळगुळीत होतें. दूर ठोकळ्यांच्या टायरांतून ती फिरण्याच्या वेगानें उडून जाते. पावसाळ्यांत दुसऱ्याच्या उभ्या शेतांतून अगर बांधावरून गाडी घालणें मात्र कोणत्याही टायरानें क्षम्य होत नाहीं. चाकोरी पडली कीं पुढील पावसांत तिचा ओघळ होतो.

टायर विकत घेण्यापूर्वीं जुन्या टायरांतील हवा कमी करून पाहावी. हा उपाय फुकट आहे व म्हणूनच कोणी करीत नाहीं. माणसांसह गाडी १२०० किलो धरली तर एकेका चाकावर ३०० किलो, म्हणजे सुमारे ६६० पौंड भार येतो. हवा २८ पौंड असतां ह्या भारास जमिनीवर साधारण साडेतेवीस चौरस इंच जागा लागते. हवा १६ पौंड केली तर तीच जागा ४१ चौरस इंच होते. टायरच्या बाजूंच्या ताठपणानें प्रत्यक्षांत थोडा फरक पडेल, पण लाभ किती मोठा तें ह्यावरून दिसतें. शिवाय मऊ टायर धोंड्यास कवटाळतो, कडक टायर त्यावरून उडतो. ट्यूबचा टायर असेल तर १५ पौंडांखालीं जाऊं नये. टायर रिंगेवर सरकतो, ट्यूब त्याबरोबर ओढली जाते व वॉल्व्हच्या मुळाशीं फाटते. डांबरी सडकेस लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरलीच पाहिजे. मऊ टायर वेगांत तापून फुटतो. म्हणून हवेचा पंप व मापक हीं दोन्ही गाडींत असावींत.

मोठे टायर घ्यावयाचेच असतील तर वरील ३७ चा आंकडा ध्यानांत ठेवावा. टायर दोन इंचांनीं वाढला कीं गाडीची मंद चाल त्याच प्रमाणांत बिघडते, ब्रेकवरील व आंसाच्या दांड्यांवरील ताण वाढतो, आणि वेगमापक खोटें बोलूं लागतो.

पुढील बाब डिफरन्शियलची. चारही चाकांना जोर देणारी गाडी असूनही ती अडकते कशी, असा पुष्कळांना अचंबा वाटतो. आपल्या जुवाकडे पाहावें. जूं मधोमध बांधलेलें असतें. एका बैलानें खांदा काढला कीं तें त्या बाजूस वळतें, आणि दुसरा बैल कितीही बळाचा असला तरी नांगर हलत नाहीं. डिफरन्शियल हें आंसाचें जूं आहे. तें दोन्ही चाकांना सारखाच जोर देतें. एक चाक अधांतरीं अगर शेवाळावर असेल तर त्यास फिरण्यास नाममात्र जोर पुरतो, आणि दुसऱ्याच्या वांट्यासही तेवढाच येतो. म्हणून पुढचें एक व विरुद्ध बाजूचें मागचें एक अशीं दोन चाकें उचललीं गेलीं कीं जीप थांबली.

ह्यावर लॉक बसवितात. त्यायोगें एका आंसाचीं दोन्ही चाकें जखडून एकत्र फिरतात. मागील आंसास असें लॉक असेल तर गाडीची शक्ति दुणावल्यासारखी वाटते, आणि ज्यांना नित्य खडकाळ चढ चढावयाचा आहे त्यांनीं तें अवश्य घ्यावें. पण त्याचे दोन दोष सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सर्व जोर एका चाकावर आला कीं तो एकाच दांड्यावर येतो, व जुना दांडा तुटतो. दुसरें असें कीं, आडव्या उतारावर ओल्या मातींत साध्या गाडीचें एक चाक फिरतें तेव्हां दुसरें जमिनीस धरून राहतें. जखडलेल्या गाडीचीं दोन्ही फिरतात आणि मागची बाजू खालीं घसरते. दरीच्या अंगास हें नको. सामान्य कामास एक जुनी युक्ति पुरते: चाक हवेंत फिरूं लागलें कीं डाव्या पायानें ब्रेक हलका दाबावा व थोडा जोर वाढवावा. फिरत्या चाकास अडथळा झाल्यानें दुसऱ्यासही जोर मिळतो. ही युक्ति साधण्यास एक दुपार पुरे.

कमानींविषयीं थोडक्यांत. जुने पाटे चपटे झालेले असतात. ते लोहाराकडून पुन्हां कमानीस आणावे, तुटका पाटा बदलावा, बुश व शॉक ॲब्सॉर्बर नवे घालावे. जास्तीचे पाटे घालून गाडी ताठ करण्याचा मोह टाळावा; ताठ गाडी खड्ड्यावर चाक उचलते, आणि उचललेल्या चाकाचें काय होतें तें वर आलेंच आहे. उंची वाढविण्याच्या बाबतींत आम्ही फार सावध आहों. ह्या जीपच्या दोन चाकांतील अंतर जेमतेम चार फूट. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन फुटांवर धरला तर भूमितीच्या हिशोबानें ती ४५ अंशांवर कलंडेल; तो चार इंच वर नेला तर सुमारे साडेचाळीस अंशांवरच. हा हिशोब उभ्या गाडीचा. चालत्या गाडीचा उलटण्याचा अंश ह्याहून पुष्कळ कमी. टपावर सामान बांधणारांनींही हाच हिशोब करावा.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें कारखान्यानें दिलेल्या वर्णनाशीं न जुळणारे फेरफार गाडींत करतां येत नाहींत, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच ठासून सांगितलें. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नवी करतांना गाडी तपासणीस न्यावीच लागते. तेव्हां इंजिन, बांधा अगर टायरचें माप बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून लेखी उत्तर घ्यावें. ब्रेक, पाटे व सील मूळ मापाचे नवे घालण्यास ह्यांतील कोणतीच अडचण नाहीं. वनखात्याच्या जमिनींत परवानगीवांचून गाडी नेऊं नये, व कासच्या पठारासारख्या सड्यांवर तर पायवाट सोडून माणसानेंही जाऊं नये.

विंच बसविणें हौसेचें काम आहे. त्याआधीं पुढें व मागें एकेक मजबूत आंकडा थेट चासीला बोल्टांनीं बसवावा. बंपरला दोर बांधून ओढल्यानें बंपर तुटून येतो. दोर ताणला असतां त्याच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये, व तारेचा दोर असेल तर त्यावर ओलें गोणपाट टाकावें, म्हणजे तुटल्यास तो उसळत नाहीं. झाडास साखळी बांधूं नये. रुंद पट्टा बांधावा, नाहींतर साल कापली जाते.

शेवटीं पाण्याविषयीं, कारण हें काम गाडी घरीं आल्यावरचें आहे. चालून तापलेला आंस ओढ्याच्या थंड पाण्यांत गेला कीं आंतील हवा आक्रसते आणि सीलांतून पाणी आंत ओढलें जातें. आंसाच्या श्वासनळीस रबरी नळी जोडून तिचें तोंड बॉनेटच्या उंचीवर नेल्यास हा दोष बराच टळतो. खर्च नगण्य आहे. तरीहि ओढा ओलांडल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, दोन्ही आंसांचा व गिअरपेटीचा खालचा स्क्रू किंचित् सैल करून पाहावा. पाणी तेलाहून जड असल्यानें तें प्रथम बाहेर येतें. तेल दुधासारखें पांढुरकें दिसल्यास सर्व काढून नवें भरावें, आणि त्याच वेळीं सील बदलून घ्यावी.