इंधनासाठी वाढवलेल्या विलोचे रसायन

१९७०च्या दशकातील तेलसंकटानंतर स्वीडनमध्ये इंधनासाठी विलोच्या लागवडीवर संशोधन सुरू झाले. सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्याच प्रजातीसमूहातील ही झुडपे दर तीन-चार वर्षांनी बुंध्याशी छाटली जातात आणि त्याच खुंटांतून पुन्हा फुटतात.

या लाकडाच्या कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बनचा असतो. त्यात सेल्युलोज, म्हणजे पेशीभित्तिकेतील लांब साखळ्यांची शर्करा, सर्वाधिक असते. त्याखालोखाल आखूड साखळ्यांचे हेमिसेल्युलोज आणि या दोहोंना बांधून ठेवणारे लिग्निन येते, ज्यात कार्बन अधिक असल्याने तेच जळताना जास्त उष्णता देते. पूर्ण कोरड्या लाकडातून किलोमागे सुमारे १८ ते १९ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, मात्र छाटणीच्या वेळी निम्मे वजन पाण्याचेच असते.

खरी अडचण सालीत आहे. कॅल्शियम, पोटॅशियम व नायट्रोजन तिच्यात एकवटलेले असतात आणि कोवळ्या, बारीक फांद्यांत सालीचे प्रमाण मोठे असल्यामुळे छाटणी जितकी लवकर, तितकी राख अधिक पडते. पोटॅशियममुळे ती राख कमी तापमानालाच वितळून भट्टीत चिकटू शकते. पानगळीनंतर, हिवाळ्यात छाटणी केल्यास पानांतील नायट्रोजन बराचसा शेतातच राहतो, म्हणून ही पद्धत केवळ सोयीची नव्हे, रसायनदृष्ट्याही शहाणपणाची आहे.

विलो जमिनीतील कॅडमियम हा विषारी धातूही शोषून घेते. ज्वलनात त्याची वाफ होऊन तो धुराबरोबर जाणाऱ्या बारीक राखेत साचतो, त्यामुळे ती वेगळी पकडावी लागते, तर भट्टीच्या तळाची तुलनेने स्वच्छ राख शेतात परत घालता येते.